परक्याची भिंत

आमच्या इमारतीच्या कुंपणाची भिंत रस्त्याच्या बाजूने अत्यंत ओंगळ होती, ही गोष्ट प्रथमच कबूल करणे बरे. पावसाळ्यातले शेवाळ, फाडून काढलेल्या जाहिरातींचे चिकटून राहिलेले तुकडे, पानाच्या पिचकाऱ्या, आणि या सर्वांच्या मधोमध आमच्याच व्यवस्थापक मंडळाने ठळक अक्षरांत लिहवून घेतलेली 'या भिंतीवर काहीही लिहू नये' ही सूचना! त्या भिंतीवर एके रात्री कोणी अज्ञात इसम एक चित्र काढून गेला. हातगाडीवर तोंडावर पंचा टाकून निजलेला हमाल. पुरुषभर लांबीचा, सगळा काळ्या रंगात, पंचा तेवढा लाल. चित्र जेथे काढले होते तेथेच भर दुपारी दोन-तीन हमाल आपल्या गाड्या सावलीला लावून खरोखरीच निजत असतात. मी त्यांच्यावरून कित्येक वर्षे जात-येत आहे. परंतु ते तेथे निजतात हे मी पाहिले होते, असे त्या सकाळपर्यंत मला प्रामाणिकपणे म्हणता आले नसते.

पुढल्या सभेत चित्र पुसण्याचा ठराव आला आणि त्याच्या बाजूने वर झालेल्या हातांत माझाही एक हात होता. भिंतीला पांढरा रंग देण्यात आला. सूचना पुन्हा लिहिली गेली. घडले ते एवढेच; पण तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. मी काही अन्याय केला काय? आणि केला असेल, तर तो कोणावर?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्नच उद्भवत नाही. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रात १९९५ पासून आहे, आणि मालकास न विचारता भिंतीवर शाई, खडू वा रंग लावणे हा त्याअन्वये अपराध आहे. 'विद्रूपण' हा शब्द मात्र विचार करण्यासारखा आहे. ज्याला रूप आहे त्याचेच विद्रूपण संभवते. शेवाळाने आणि पिचकाऱ्यांनी जे रूप आले होते त्याविरुद्ध आम्ही सभा भरविली नव्हती. चित्र आले तेव्हा भरविली. म्हणजे आम्हांस खुपले ते कुरूपता नव्हे. आम्हांला कोणी विचारले नाही, हे खुपले.

हा राग क्षुद्र होता असे म्हणून मी मोकळा होणार नाही, कारण त्यात काही न्याय आहे. घर ज्याचे, भिंत त्याची. ती पडली तर बांधावयाची त्याने, आणि आज हमाल निजला तर उद्या तेथेच कोणी शिवी लिहील, ती पुसावयाचीही त्यानेच. कलेचा आनंद रस्त्याने जाणाऱ्याला आणि खर्च घरात राहणाऱ्याला, ही वाटणी सरळ नाही. जे रसिक 'भिंती सर्वांच्या आहेत' असे मोठ्या औदार्याने म्हणतात, त्यांची स्वतःची भिंत बहुधा तिसऱ्या मजल्यावर असते.

तथापि मालकीचा हक्क नेमका कशापर्यंत पोचतो हे पाहणे अवश्य आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात भिंतीवर दोन नावे आहेत. एक दर्शनी कमानीजवळ ब्राह्मी लिपीत कोरलेले, वासिठीपुत कटहादी नामक दात्याचे. लेण्याचे मुख त्याने दान दिले, ते सांगण्यासाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेले. दुसरे जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे. २८ एप्रिल १८१९ या दिवशी तो शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला, आणि आपले नाव व तारीख त्याने एका चित्रित आकृतीवर ओरखडून ठेवली. त्या काळी लेण्यात दगडमातीचा थर साचलेला असल्यामुळे हा ओरखडा आज पाहणाऱ्याच्या डोळ्यांहून बराच वर आहे. पहिले नाव आपण आदराने वाचतो. दुसरे पाहून चीड येते. दोनशे वर्षे उलटली म्हणून स्मिथसाहेबाला कोणी क्षमा केलेली नाही, आणि करूही नये.

कोणी म्हणेल, भेद स्पष्टच आहे: एकास अधिकार होता, दुसऱ्यास नव्हता. पण मग छत्तीसगडातील रामगड डोंगरावरील जोगीमारा गुहेचे काय करावे? तेथे ब्राह्मी अक्षरांत एक अगदी लहानसा लेख आहे. सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा देवदत्त नावाचा रूपकार, एवढाच त्याचा विषय, असे विद्वान बहुधा मानतात. या देवदत्ताने कोणाची परवानगी काढली असेल असे मला वाटत नाही. त्याचा लेख आपण स्मिथच्या ओरखड्याच्या पंक्तीस बसवितो काय? मुळीच नाही. तेव्हा अधिकार हा खरा निकष नव्हे. लिहिण्यापूर्वी तेथे काय होते, हा निकष अधिक खरा. स्मिथने एका चित्रित आकृतीवर लिहिले, देवदत्ताने रिकाम्या दगडावर. आमच्या हमालाखाली शेवाळ होते.

येथवर आल्यावर मला विजय मिळाल्यासारखे वाटले होते. पण तो टिकला नाही. आमच्याच शहरातला एक अनुभव आडवा आला.

२००९ साली महानगरपालिकेच्या संमतीने मुंबईतील तुळशी पाइप रोडच्या, म्हणजे सेनापती बापट मार्गाच्या, रेल्वेलगतच्या लांबलचक भिंतीवर शेकडो नागरिकांनी चित्रे काढली. चित्रकार होते, विद्यार्थी होते, कचेरीत जाणारी माणसे होती. अट एवढीच की धर्म, राजकारण, अश्लीलता आणि जाहिरात यांपासून दूर राहावे. अट वाजवी होती. माझ्या हाती परवानगी देण्याचे काम असते, तर मीही बहुधा तीच घातली असती. चित्रे रंगीत व आनंदी होती. माहीमहून दादरकडे जाताना डोळ्यांस बरे वाटे. परंतु मनाशी विचारावे की, त्या भिंतीवर निजलेला हमाल बसला असता काय? तो धर्म नव्हे, अश्लीलता नव्हे, जाहिरात तर नव्हेच. राहता राहिले राजकारण, आणि कोणी तरी तो त्यातच घातला असता. आमच्या मंडळाकडे कोणी रीतसर अर्ज केला असता, तर आम्ही त्याला एखादे झाड काढण्यास सांगितले असते, पक्ष्यांसह.

म्हणून परवानगीने काढलेले चित्र हीन आणि चोरून काढलेले तेवढे खरे, असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. हा सिद्धान्त तरुणांत लोकप्रिय आहे. तो खोटा आहे. अजिंठ्याची चित्रे चोरून काढलेली नाहीत. त्यांना दाते होते, आणि म्हणून त्यांची करुणा उणावलेली नाही. वांद्रे रेक्लमेशनजवळील दूरध्वनी निगमाच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचे प्रचंड चित्र रंगविले. तेही उजळ माथ्याने. दहियांनी आरंभी गावी भिंतींना चुना लावण्याचे काम केले होते असे सांगतात. जो हात भिंत पुसतो त्याच हाताने ती बोलकी करावी, हे मला त्या चित्राइतकेच आवडते. २०१७ साली ससून डॉकमधील कलाप्रदर्शनात तेथील कोळी लोकांचे मोठाले चेहरे गोदीच्या भिंतींवर चिकटविले होते. सर्व काही संमतीने झाले. तरीही मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणाऱ्या प्रेक्षकाला त्या चेहऱ्यांनी जरा ओशाळवाणे केले असेल असे मी समजतो.

मग न विचारता काढलेल्या चित्राचे वैशिष्ट्य ते कोणते? माझ्या मते ते एवढेच, की ते आपल्याकडे येते. चित्रशाळेत आपण मनाची तयारी करून, वेळ काढून, काही सुंदर दिसणार अशा अपेक्षेने जातो. भिंतीवरचे चित्र कोपऱ्यावर अकस्मात भेटते आणि एक गोष्ट सांगून टाकते. १९४२ च्या दिवसांत 'चले जाव' ही अक्षरे ज्यांनी रात्री भिंतींवर लिहिली, त्यांनीही घरमालकांस विचारले नव्हते. विचारले असते तर भीतीने पुष्कळांनी नाही म्हटले असते, आणि सकाळी उठून ती वाचल्यावर त्यांतल्याच कित्येकांना मनातून बरे वाटले असेल. परवानगी मागणे म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणण्याची सोय करून देणे. ही सोय त्याला असावी हे खरे. परंतु ज्या गोष्टी आपण नेहमीच नाकारू, त्या एखादे वेळी न विचारता सांगितल्या गेल्या तर आपला न्याय्य अधिकार बुडाला, की केवळ आपली झोप मोडली, हे प्रत्येक वेळी निराळे तपासावे लागते. मी ते तपासले नाही. हात वर केला.

येथे रसिक मध्ये पडून म्हणतो, 'मग अशी चित्रे जतन करा.' या उपदेशाविषयी दोन हकीकती सांगण्याजोग्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाची कारखान्याची जुनी इमारत होती. मालकाच्याच संमतीने चित्रकारांनी ती वर्षानुवर्षे रंगविली होती. इमारत पाडावयाची ठरल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सर्व चित्रांवर पांढरा रंग फिरविला. चित्रकार न्यायालयात गेले, आणि २०१८ साली ४५ चित्रांबद्दल २१ चित्रकारांना साडेसदुसष्ट लाख डॉलर देण्याचा निवाडा झाला. पुढे वरिष्ठ न्यायालयानेही तो उचलून धरला. उलटपक्षी इटलीतील बोलोन्या शहरात काही चित्रे भिंतींवरून काढून प्रदर्शनात मांडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 'ब्लू' या टोपणनावाच्या चित्रकाराने मार्च २०१६ मध्ये त्या शहरातील आपली वीस वर्षांची चित्रे मित्रांच्या साहाय्याने राखाडी रंगाने स्वतःच पुसून टाकली. एक म्हणतो, माझे चित्र का पुसलेस. दुसरा म्हणतो, माझे चित्र जपून ठेवणारा तू कोण. रसिकाने कोणाचे ऐकावे?

पहिल्या हकीकतीतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क त्या न्यायाधीशांनी नाकारला नव्हता. कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांची पूर्वसूचना त्याने द्यावयास हवी होती. पाडण्याचे परवाने येईपर्यंत तो थांबता, तर भरपाई बहुधा माफकच ठरली असती, असे त्यांनी म्हटले. म्हणजे चित्रकारांना अमरत्व मिळावयाचे नव्हतेच. निरोप घेण्यापुरता वेळ मिळावयाचा होता, आणि तो एका रात्रीत हिरावला गेला.

आपल्याकडील बायकांना हे कोणी शिकवावे लागलेले नाही. दारापुढची रांगोळी सकाळी काढावी आणि दुपारपर्यंत ती पायांखाली जावी, यात कोणाला दुःख होत नाही. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, तोही पुढे सारवणाखाली जातो. परंतु रांगोळी पाहिल्यावाचून कोणी ओलांडीत नाही. निदान पाऊल तरी जरासे आखडते. आम्ही हमालावर रंग फिरविला तेव्हा आमच्यापैकी कोणीही खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिला नव्हता. चिटणिसांनी दूरध्वनी यंत्रावर त्याचे छायाचित्र दाखविले, ते हातोहात फिरले आणि ठराव संमत झाला. चित्रकाराला दाद मागण्याची सोयही नव्हती. फाइव्ह पॉइंट्झवाले उजळ माथ्याने न्यायालयात गेले, याला मात्र तक्रार करण्यासाठी प्रथम गुन्हा कबूल करावा लागला असता. माझ्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर ते येथेच कोठेतरी आहे. भिंत पांढरी करण्याचा आम्हांला अधिकार होता असे मी आजही म्हणेन. पाहिल्यावाचून पांढरी करण्याचा होता असे म्हणताना जीभ अडखळते.

दोन पावसाळे झाले. रंग स्वस्तातला होता. ओल धरून त्याचे पोपडे निघू लागले आहेत आणि एका जागी हातगाडीच्या चाकाचा काळा अर्धगोल पुन्हा दिसतो आहे. हमाल तेथे निजतातच. परवाच्या सभेत चिटणिसांनी भिंत नव्याने रंगविण्याचा खर्चाचा अंदाज ठेवला. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबावे, असे मी सुचविले. कारण खरे होते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.