फिरते तबक



मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1973 साली ‘गोल्डन ड्रॅगन’ उघडले आणि सेचुआन प्रांताची पाककला या शहराला रीतसर परिचित झाली. अशा एखाद्या प्रतिष्ठित चिनी भोजनगृहात आठ-दहा स्नेही मिळून बसले, की वर्तुळाकार मेजाच्या मध्यभागी जे फिरते तबक असते, ते मला तेथील कोणत्याही पक्वान्नाहून अधिक आदरणीय वाटते. पेनांग येथे जन्मलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी 1910-11 मध्ये मांचुरियातील फुप्फुसांच्या प्लेगचा बंदोबस्त केला. आणि एकाच पात्रात सर्वांनी आपापल्या काड्या बुडवण्याच्या दस्तुरातून रोग पसरतो हे जाणूनही, सहभोजन मोडीत न काढता, त्यांनी फिरत्या तबकाची आणि वाढण्यासाठी स्वतंत्र चमच्यांची तजवीज सुचवली. उष्टे टाळण्याचे जे कार्य आपल्या पंगतीने प्रत्येकाचे पान वेगळे मांडून साधले, तेच या वैद्याने सर्वांचे अन्न एकत्र ठेवून साधले, ही मला थोर बुद्धीची खूण वाटते.

म्हणून अशा मेजावर प्रत्येकाने स्वतःपुरता पदार्थ मागवणे मला अनुचित वाटते. मागणी सर्व मंडळींच्या विचाराने द्यावी. अख्खा मासा आला, तर त्याचे मुख ज्येष्ठ पाहुण्याकडे करण्याची चिनी रीत आहे, तीही पाळावी. आणि तबक फिरवण्यापूर्वी, शेजारच्याचा चमचा अजून पात्रात नाही ना, एवढे अवश्य पाहावे.