मौन कोणाला तारते?

बँकेतील भ्रष्टाचार उघड केला तर लोक घाबरतात, ठेवी काढण्यासाठी रांगा लागतात आणि बँक कोसळते. मग गप्प बसणे हाच शहाणपणा नव्हे काय? हा प्रश्न अगदीच पोकळ नाही. सर्व ठेवीदारांचे पैसे एकाच दिवशी परत करणे कोणत्याही बँकेला शक्य नसते, कारण ते कर्जाऊ दिलेले असतात. बँक विश्वासावर उभी असते, हे खरे. परंतु तो विश्वास कशावर उभा असतो?

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. प्रारंभी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. घामाच्या पैशासाठी माणसे बँकेच्या दारात रडली. एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती लपविण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखविल्याचा आरोप तपासात पुढे आला.

आता सांगा, ही बँक निर्बंधांच्या दिवशी बुडाली काय? नाही. हिशेबाची वही खोटे बोलू लागली तेव्हाच ती बुडू लागली होती. त्या काळात रांग नव्हती, ओरड नव्हती. त्या शांततेला स्थैर्य म्हणणे म्हणजे ताप न मोजताच रोगी बरा आहे असे म्हणणे होय. मौनाचा प्रत्येक दिवस नव्या ठेवीदाराला त्याच खड्ड्याकडे नेत होता.

तथापि सत्य सांगून मोकळे होणे पुरेसे नाही. चोरी एकाची आणि उपास दुसऱ्याला, हा न्याय नव्हे. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख झाली. निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ साली झाली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. परंतु मोठ्या ठेवी असणाऱ्यांना उरलेल्या पैशासाठी १० वर्षांपर्यंत थांबण्यास सांगण्यात आले.

विमा ही सत्याला दिलेली करुणेची जोड आहे. गरिबाची ठेव सुरक्षित असेल, तर गरिबाचेच नाव पुढे करून सत्य दडपता येत नाही. म्हणून सहकारी बँकेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत केवळ लाभांश विचारू नका. कर्ज कोणाला दिले, हे विचारा. विचारणारा सभासद बँकेचा वैरी नसतो, तिचा राखणदार असतो.