उत्तर कोण देणार?

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर संगणकशास्त्र शिकणारा एक तरुण भेटला. म्हणाला, "फादर, प्रोग्राम आता यंत्रच लिहिते. मग मी कशासाठी शिकतोय?"

त्याची भीती खोटी नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि नवशिक्यांची बरीच साधी कामे यंत्र करू लागले. पण प्रोग्राम लिहिणे वेगळे आणि त्याची जबाबदारी घेणे वेगळे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांतील सुरक्षेची यांत्रिक सोय काढून भरवसा प्रोग्रामवर ठेवला होता आणि प्रोग्राममध्ये चुका होत्या. जाब यंत्राला विचारता येत नाही; त्याला सदसद्विवेकबुद्धी नाही. उत्तर माणसानेच द्यायचे असते.

म्हणून मी त्याला म्हटले, यंत्राने लिहिलेले तपासता येईल इतके खोल शीक.

पण प्रश्न मालकांनाही आहे. साधी कामे करता करताच माणूस जाणकार होतो. ती सगळी यंत्राला दिली, तर उद्या तपासणारा कुठून येणार? १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले. २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी तेच नाव घेताना त्या परिपत्रकाची आठवण केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे श्रमाची प्रतिष्ठा जपण्याविषयी सांगितले.

आपल्या घरातही असा एखादा तरुण असेल. "होईल काहीतरी" म्हणून त्याला वाटेला लावू नका. जवळ बसून ऐका.

आपला,
फादर