जमेच्या बाजूचा गोल

खुळे लोक दोन प्रकारचे असतात. एकांना डॉक्टर खुळं ठरवतात आणि दुसऱ्यांना शेजारी. पहिल्या प्रकाराला औषध आहे. दुसऱ्याला नाही, कारण त्यात रोग्याला काही झालेलंच नसतं. कंडक्टरनं चुकून दिलेली जास्तीची नोट परत करायला तो बिचारा उन्हातून डेपोपर्यंत चालत गेलेला असतो, एवढंच. ‘‘चांगला आहे हो माणूस, पण जरा हा आहे,’’ असं म्हणून शेजारी कपाळाजवळ बोट फिरवतात. तो ‘हा’ म्हणजे काय, ते आजवर कुठल्याही शब्दकोशात आलेलं नाही.

अर्जेंटिनात मात्र त्यासाठी एक सुटसुटीत शब्द आहे – ‘लोको’. लोको म्हणजे खुळा. आणि ‘एल लोको’ म्हटलं की फुटबॉल पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं पटकन उभा राहणारा माणूस म्हणजे मार्सेलो बिएल्सा. रोसारियो शहरात १९५५ साली जन्मलेला. घराणं वकिलांचं. आजोबा कायद्याचे गाढे पंडित, भाऊ पुढं देशाचा परराष्ट्रमंत्री झाला, बहीण आर्किटेक्ट आणि नंतर राजकारणात. अशा घरातला एक मुलगा चेंडूला लाथा मारायला निघाला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर काय झालं असेल याची कल्पना कुठल्याही मराठी घराला करता येईल. बरं, लाथा मारूनही काही दिवे लावले म्हणावं, तर तेही नाही. गावच्याच न्यूवेल्स ओल्ड बॉईज या क्लबात तो बॅक म्हणून खेळला, आणि आपल्याला हे फारसं जमत नाही हे ओळखून पंचविशीत बूट काढून ठेवले. आपल्याला एखादी गोष्ट जमत नाही हे पंचविसाव्या वर्षी कळणं ही खुळेपणाची पहिली खूण. शहाण्या माणसाला ते साठीनंतर कळतं, आणि तोवर तो त्या खात्याचा प्रमुख झालेला असतो.

मग तो शिकवायला लागला. लहान गावांतली मुलं हुडकायला मोटारीनं सारा मुलूख पालथा घातला. एकदा क्लबातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याबरोबर तो मर्फी नावाच्या खेड्यात एका घरी पोहोचला. वेळ रात्री एकची. मुलगा गाढ झोपलेला. ‘‘उठवू नका,’’ पाहुणे म्हणाले, ‘‘नुसते पाय दाखवा.’’ आईनं पांघरूण वर केलं, दोघांनी पाय पाहिले आणि मुलगा पसंत! आपल्याकडं मुलगी बघायला येणारेसुद्धा निदान दिवसाउजेडी येतात आणि चालून दाखवायला सांगतात. पुढं हा मुलगा अर्जेंटिनाकडून खेळला आणि मोठा प्रशिक्षक झाला. त्याचं नाव मौरिसियो पोचेत्तिनो. ही हकिगत तोच सांगत असतो.

बिएल्साची बाकीची कारकीर्द एखाद्या फिरतीच्या नोकरीवरच्या माणसासारखी आहे. न्यूवेल्सला १९९१ आणि १९९२ मध्ये अजिंक्यपदं. २००९ साली क्लबनं स्टेडियमलाच त्याचं नाव दिलं. १९९८ पासून तो अर्जेंटिनाचा प्रशिक्षक. २००२ च्या विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद, २००४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. मग चिली, बिल्बाओ, मार्सेय. २०१६ मध्ये रोमच्या लाझिओ क्लबची नोकरी धरली आणि दोन दिवसांत सोडली. दोन दिवसांत आपल्याकडं नव्या माणसाला बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही. बिल्बाओला असताना २०१२ मध्ये मैदानावरचं बांधकाम वेळेवर होईना, म्हणून तिथल्या माणसाशी त्याची झटापट झाली. मग हा स्वतःच पोलिसांकडं गेला आणि स्वतःविरुद्ध तक्रार देऊन आला. लोक आपल्यावरची तक्रार मागं घेतली जावी म्हणून पोलिसांकडं जातात!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला नुसता गमतीदार माणूस म्हणून सोडून दिलं असतं. पण २०१८ मध्ये तो इंग्लंडमधल्या लीड्सला आला, आणि तिथल्या एका मोसमानं माझं आणि आमच्या शेजारच्या निवृत्त ऑडिटरांचं जे भांडण लावून दिलं, ते अजून मिटलेलं नाही.

लीड्स हा एके काळचा बडा क्लब. २००४ साली वरच्या वर्गातून खाली घसरला तो घसरलाच. आल्या आल्या बिएल्सानं चौकशी केली, की सामन्याचं एक तिकीट काढायला इथल्या साध्या माणसाला किती तास राबावं लागतं? उत्तर आलं, सुमारे तीन तास. मग त्यानं आपल्या खेळाडूंना तीन तास मैदानाभोवतीचा कचरा गोळा करायला लावलं. कुणाच्या घामावर आपण जेवतो, ते कळावं म्हणून. ऑडिटरांना हे फार आवडलं. ‘‘याला म्हणतात कॉस्टिंग!’’ ते म्हणाले.

जानेवारी २०१९ मध्ये डर्बी काउंटी या संघाशी सामना होता. आदल्या दिवशी डर्बीच्या सराव-मैदानाच्या कुंपणाबाहेर एक मनुष्य घुटमळताना पोलिसांना सापडला. तो लीड्सचा निघाला. इंग्लंडभर हलकल्लोळ! आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की तो गृहस्थ पक्षी पाहायला गेला होता. बिएल्सानं सांगितलं, माणूस माझा, पाठवला मी, जबाबदारी माझी. पुढं पत्रकारांना बोलावून तासाभराहून अधिक वेळ त्यानं आपल्या अभ्यासाची सगळी चोपडी उघडून दाखवली. डर्बीचे आदल्या मोसमातले सगळे ५१ सामने पाहिले होते! आणि वर हेही सांगून टाकलं, की या मोसमात ज्यांच्या ज्यांच्याशी आम्ही खेळलो, त्या सगळ्यांच्या सरावावर मी नजर ठेवली आहे. एका आंब्याबद्दल विचारलं, तर यानं सगळी आमराई कबूल केली.

गंमत अशी, की तसं करू नये असा नियमच तेव्हा नव्हता. क्लबांनी एकमेकांशी सद्भावानं वागावं, अशा अर्थाचं एक मोघम कलम होतं, त्याखाली लीड्सला दोन लाख पौंड दंड झाला. सामन्याआधी ७२ तास दुसऱ्याचा सराव पाहू नये, हा नियम नंतर आला. घराण्यात एवढे वकील असताना हा माणूस सहज लढला असता. त्यानं दंड भरला, तोही स्वतःच्या खिशातून. त्याच्या मुलखात ही रीत चालत होती, या मुलखात लोकांना ते वाईट वाटलं, विषय संपला. मराठीत ‘नियमात बसतं’ आणि ‘बरं दिसतं’ असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. आपण बहुतेक जण यांतला जो सोयीचा असेल तो हाताशी धरतो. स्वतःच्या गॅलरीला काच लावताना ‘नियमात बसतं’, आणि वरच्यानं लावली की ‘बरं दिसतं का हे?’

इथवर ऑडिटर माझ्या बाजूचे होते. पुढच्या सामन्यानं ते फिरले.

२८ एप्रिल २०१९. लीड्सच्या मैदानावर अ‍ॅस्टन व्हिला. वरच्या वर्गात थेट चढण्याची लीड्सची आशा धाग्याएवढी उरलेली. उत्तरार्धात व्हिलाचा एक खेळाडू दुखापतीनं खाली पडला. अशा वेळी चेंडू बाहेर घालवायचा, ही खेळातली रीत. नियम नव्हे, रीत. लीड्सचा खेळाडू आता थांबणार असं वाटून व्हिलाचे लोक सैलावले. तेवढ्यात चेंडू पुढं सरकला आणि क्लिख यानं गोल केला. पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती. गोल कायदेशीर. मैदानावर धक्काबुक्की, आरडाओरडा. आणि रेषेबाहेरून बिएल्सा आपल्याच खेळाडूंना ओरडून सांगतोय – त्यांना गोल करू द्या! खेळ पुन्हा सुरू झाला, लीड्सचे लोक उभे राहिले, व्हिलाचा अडोमा चेंडू घेऊन रमतगमत गेला आणि गोल करून आला. उभे राहिले म्हणालो, पण सगळे नाहीत. यान्सन नावाचा बॅक तेवढा अडोमाला अडवायला धावला होता. सामना १-१. थेट बढती शेफिल्ड युनायटेडला.

पुढचं तर पुराणातसुद्धा इतकं नीट जमवलेलं नसतं. उरलेल्या जागेसाठीच्या सामन्यांत लीड्सला हरवलं कुणी? ज्यांच्या कुंपणाशी माणूस सापडला, त्या डर्बीनं. आणि शेवटी डर्बीला हरवून वर गेलं कोण? ज्यांना गोल दिला, ते व्हिला. सप्टेंबरमध्ये फिफानं बिएल्साला आणि लीड्सला खिलाडूपणाचं पारितोषिक दिलं.

‘‘म्हणजे देणारा खाली, घेणारा वर,’’ ऑडिटर म्हणाले. ‘‘आणि पारितोषिक तुमच्या साहेबांना! अहो, दंड त्यांनी स्वतःच्या खिशातून भरला, त्याला मी हात जोडतो. कर्णानं कवचकुंडलं दिली ती स्वतःच्या अंगावरची. पण गोल काय त्यांच्या अंगावरचा होता? तो अकरा पोरांचा, आणि तीन-तीन तास राबून तिकीट काढणाऱ्या त्या माणसांचा. कचरा उचलायला लावताना त्यांचा घाम आठवला, गोल देताना नाही आठवला? तुमचा हा हरिश्चंद्र आहे, हरिश्चंद्र! सत्य यांचं, आणि बाजारात उभी राहायची तारामती!’’

खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही. हरिश्चंद्राच्या गोष्टीत रोहिदासाला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाला पडतो, आणि मोठेपणी तो विचारायचा नसतो हे कळतं. स्वतःच्या पैशानं प्रामाणिक असणं कठीण खरं, पण सरळ आहे. दुसऱ्याच्या पैशानं प्रामाणिक असणं सोपं आणि संशयास्पद. प्रामाणिक अधिकाऱ्याच्या घरी जाऊन पाहा. कीर्ती त्याची असते, आणि बदलीच्या गावी नळाखाली बादली लावायची पाळी बायकोची.

मी आपल्या मुंबईचा दाखला काढला. १९८० साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध कसोटी होती. त्यांचे पाच गडी स्वस्तात गेलेले. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला वाटलं, बॅट लागलेली नाही. त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मिळून १७१ धावांची भागी केली, आणि आपण दहा गडी राखून हरलो. ‘‘ती विकेटही विश्वनाथच्या एकट्याची नव्हती,’’ मी म्हणालो. ‘‘मग तोही हरिश्चंद्र का?’’

‘‘तोही,’’ ऑडिटर म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या जमाखर्चावर लाल पेन्सिल फिरवलेला माणूस असा विरघळत नाही.

पण त्यांच्याच धंद्यातून मला वाट सापडली. मी विचारलं, ‘‘बँकेत कुणाची तरी रक्कम चुकून भलत्याच खात्यावर जमा झाली, तर ती खातेदाराची होते का?’’

‘‘छे! मालक कळेपर्यंत सस्पेन्स अकाउंटला टाकतात.’’

‘‘आणि त्या खातेदारानं ती परत दिली, तर त्याला दानशूर म्हणाल?’’

ऑडिटर काही बोलले नाहीत. मला वाटतं, सगळा घोळ ‘दिला’ या शब्दात आहे. आपण म्हणतो बिएल्सानं गोल दिला, म्हणजे दान केला, आणि मग विचारतो, की दुसऱ्याच्या मालकीचं दान करणारा हा कोण? हरिश्चंद्राचं राज्य हरिश्चंद्राचं होतं, ते त्यानं दिलं, म्हणून तारामतीची तक्रार खरी. पण हा गोल लीड्सचा झालाच कधी होता? पंचांनी तो त्यांच्या जमेला मांडला, एवढंच. वहीत काय मांडलंय ते पंच सांगतो. कुणाचं आहे ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. बिएल्सानं दिलं नाही, परत केलं. आणि परत करायला ना त्या अकरांची परवानगी लागते, ना प्रेक्षकांची. बायकोमुलांना विचारून दान करावं. सापडलेलं पाकीट परत करायला मात्र घरात बैठक बोलावू नये.

ऑडिटरांनी चहा संपवला आणि म्हणाले, ‘‘बरं, परत केलं. पण त्या प्रेक्षकाचं दुःख? ते कुठल्या खात्यात टाकता?’’

त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. २०२० मध्ये लीड्स अजिंक्यपद घेऊन वरच्या वर्गात गेलं, सोळा वर्षांनी. ‘‘बघा, सत्याला फळ येतं,’’ असं म्हणायचा मोह मला झाला होता, पण मी आवरला. एक तर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच क्लबनं बिएल्साच्या हातात नारळ ठेवला, मग त्याला कशाचं फळ म्हणायचं? आणि दुसरं, फळ आलं म्हणून बरोबर, असं एकदा मान्य केलं, की ज्याला फळ येत नाही त्याला खुळा म्हणायला आपण मोकळे. त्या वर्षी जो लीड्सवाला घरी उपाशी झोपला, त्याचं दुःख खरंच होतं. फक्त ते बिएल्साच्या नावे घालता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मात्र एक कबूल करायला हवं. ही सगळी गोष्ट आठवताना मला बिएल्साइतकाच तो यान्सन आठवतो. चांगला गुणी बॅक. आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेला, की समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवायचं. बाहेरून साहेब ओरडतोय, पण पाय ऐकत नाहीत. त्याला वाईट म्हणायची माझी हिंमत नाही. जास्तीची नोट हातात आली की आपल्यातलाही एक जण डेपोकडं निघतो, आणि दुसरा त्याला अडवायला धावतो. डेपोवाल्याचा सामना बरोबरीत सुटला, तरी पुष्कळ झालं.