पाय का घसरतो?

मराठी भाषेत पाय दोन ठिकाणी घसरतो : अंगणातल्या शेवाळावर आणि आयुष्यात. पहिल्या घसरण्याने फार तर हाड मोडते. दुसऱ्याने अब्रू जाते. शेवाळावर पडलेल्याला उचलायला चार माणसे धावतात, तर आयुष्यात पडलेल्याला पाहायला चाळीस जमतात. मग निवाडा सुरू होतो. दोष कोणाचा? पायाचा, की जमिनीचा?

नीतीची पोथी पायाला दोष देते. समाजशास्त्राचे पंडित जमिनीला देतात. दोघांचेही ऐकून झाल्यावर मला वाटू लागले, की घसरण्याच्या बाबतीत बर्फाइतका जाणकार साक्षीदार दुसरा नाही. त्यालाच का विचारू नये?

आम्हा उपनगरवासीयांची बर्फाशी ओळख तशी बेताचीच. गोळ्याच्या गाडीवर नाही तर मासळीबाजारात झालेली. परंतु बोरिवलीहून लाँचने गोराईची खाडी ओलांडली, की एस्सेल वर्ल्ड लागे. 1989 साली सुरू झालेले हे उद्यान 2022 साली बंद पडले. तेथे बर्फाचे एक बंदिस्त मैदान होते. बाहेर घामाच्या धारा, आणि आत पोलादी पात्यांचे बूट घातलेली मुले बर्फावरून सरकताहेत! काचही गुळगुळीत असते, पण काचेवर असे सरकता येत नाही. मग बर्फावरच का?

जुने उत्तर दाबाचे. 1886 साली डब्लिनच्या जॉन जोली यांनी सांगितले, की माणसाचा सगळा भार त्या अरुंद पात्यावर येतो, त्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या पातळ थरावरून पाते सरकते. दाबाने बर्फ वितळतो हे खरेच आहे. पण हिशेब जुळत नाही. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 135 पट दाब लागतो. माणसाच्या वजनाने फार तर अंश-दोन अंशांचा फरक पडेल. आणि शून्याखाली वीस अंशांच्या थंडीतही लोक खुशाल सरकत असतात.

पुढे 1939 साली बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाकडे बोट दाखवले. पाते घासते, उष्णता निर्माण होते, बर्फ वितळतो. यातही तथ्य आहे. पण बर्फावर नुसता उभा राहिलेला माणूसही घसरतो, त्याचे काय?

आमच्या शिक्षकांच्या खोलीत परीक्षेच्या दिवसांत हीच दोन उत्तरे ऐकू येतात. चिठ्ठीसह एखादा मुलगा सापडतो. एक म्हणतो, “परिस्थितीचा दाब हो! बापाचा धाक, टक्क्यांची शर्यत.” दुसरा म्हणतो, “छे, संगत वाईट!” म्हणजे एकाचा दाब, दुसऱ्याचे घर्षण. पण तोच दाब आणि तीच संगत असलेला शेजारच्या बाकावरचा मुलगा सरळ पेपर लिहून घरी जातो. हिशेब येथेही जुळत नाही.

तिसरे उत्तर खरे म्हणजे सर्वांत जुने. 1850 साली मायकेल फॅराडे यांनी म्हटले, की बर्फाच्या पृष्ठावर पाण्यासारखा एक पातळ थर मुळातच असतो. कोणी त्यावर पाय ठेवो वा न ठेवो. आज त्याचे कारण असे सांगतात : बर्फाच्या पोटातल्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी शेजारी धरून असतात. पृष्ठावरच्या कणाला मात्र एका बाजूला कोणीच नसते. म्हणून तो सैल राहतो. शास्त्रज्ञांचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण हा सैलपणा आता सर्वमान्य आहे.

फॅराडे यांचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातही मिळतो. फ्रीजमधले, किंचित ओलसर झालेले बर्फाचे दोन खडे एकमेकांना चिकटवून धरा. ते जोडले जातात. दोन्हींवरचे सैल थर मध्ये सापडतात, त्यांना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, आणि ते घट्ट होतात.

मला वाटते, निवाड्याचा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. दाब बाहेरून येतो, घर्षणही बाहेरून येते. पण घसरण होते ती जेथे आपल्याला कोणी धरलेले नसते तेथे. अशी एक बाजू प्रत्येकाला असते, सज्जनालाही. तिची लाज वाटायचे कारण नाही. तो सैलपणा नसता तर बर्फावरची ती मुले हसत सरकलीही नसती.

यावर कोणी म्हणेल, मग घसरणारा निर्दोष सुटला! तसे नाही. बर्फाला मन नसते, माणसाला असते; म्हणून चिठ्ठी आणणाऱ्या मुलाला शिक्षा व्हावी, आणि ती त्याने सोसावी. पण शिक्षा लिहिताना वहीत आणखी एक प्रश्न लिहून ठेवावा : त्याच्या त्या मोकळ्या बाजूला कोण उभे राहायला हवे होते? बाप, शेजारी, की आपणच, त्याचे मास्तर?

दिवाळीत घर माणसांनी भरते. पाट जवळजवळ मांडले जातात. त्या पंगतीत एखादा कडेला बसलेला, गप्प गप्प असा कोणी दिसला, तर फराळाचे ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसावे. उपदेश करण्याची गरज नाही. बर्फाचा खडाही दुसऱ्याला काही सांगत नाही. नुसता लागून राहतो.