औदुंबराचा पार आणि मनाचा ठाव

आमच्या देवळाच्या अंगणात औदुंबराभोवती फरशी बसवायचा ठराव आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पावसाळ्यात चिखल होतो, पालखीला अडचण होते, हे कारण खरेच होते. पण वर्ध्याचा उन्हाळा! मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर जाते. सारवलेल्या पारावर दुपारी पोथी ऐकत बसणाऱ्या म्हाताऱ्या बाया येईनाशा झाल्या. एकीला विचारले, तर म्हणाली, "भाऊ, आता तं पायच ठेववत नाही. अन् ठेवला तरी मन लागत नाही."

तिचे दुसरे वाक्य बोचले. मी तिला उपदेश करणार होतो, की नामात मन असले म्हणजे जागा कशाला आडवी येते? अवधूताने सर्पाला गुरू केले ते यासाठीच. तो स्वतःचे घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. पण फरशीसाठी हात वर केलेल्या माणसाने हे सांगणे फारच सोयीचे होते. गप्प बसलो.

घरी आल्यावर विनोबांची गोष्ट आठवली. १९३८ साली त्यांची प्रकृती अगदी खालावली, वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबा थंड हवेच्या ठिकाणी गेले नाहीत. आपल्या वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीकाठच्या टेकडीवर, जमनालालजींच्या बंगल्यात जाऊन राहिले. पूल ओलांडतानाच त्यांनी सगळ्या चिंता सोडल्याचा संकल्प केला. मग मोकळी हवा, नदी आणि शेतात रोज थोडे खणणे. दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले.

आता गुण टेकडीचा की संकल्पाचा? हेच विनोबा तुरुंगातल्या एकांत कोठडीतही आनंदात राहिले. तिथे कुठली नदी अन् कुठले झाड? म्हणजे जागेवाचून त्यांचे अडत नव्हते. तरी पवनारला ते गेलेच ना! मला वाटते, आपले मन किती खंबीर आहे ते ज्याने त्याने स्वतःपुरते पाहावे. दुसऱ्याला कोठडी देऊन वर 'स्थिर राहा' म्हणणे, हा काही परमार्थ नव्हे.

अमेरिकेतल्या रॉजर उलरिख यांचा एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, दुखण्याची जोरकस औषधेही त्यांना कमी लागली. ते बिचारे काही योगी नव्हते. आणि योग्यांचे तरी काय? गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात आपण वाचतोच, की हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह शमेना, तो औदुंबराच्या फळांत नखे रोवल्यावर शमला. साक्षात भगवंताला झाडाचा गारवा लागला. त्याच झाडाच्या मुळाशी आम्ही चटके देणारा दगड अंथरला.

खोडाभोवतीची फरशी काढून पुन्हा माती टाकावी, असा अर्ज मी समितीला दिला आहे. "झालेला खर्च वाया जाईल," एक सभासद म्हणाले. जाईलच. माझीही वर्गणी त्यात आहे. सारवायचे कोणी, हाही प्रश्न निघाला. त्या बाईंना विचारले तर हसल्या. म्हणाल्या, "आम्ही आहो नं. पहिले फरशी तं काढा."

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥