प्रतोद कोणाच्या हाती?



गेल्या आषाढी वारीत सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या एका तरुण टाळकऱ्याने प्रश्न केला, "महाराज, पेपरात 'प्रतोद' म्हणून शब्द येतो. अमक्या पक्षाने अमका प्रतोद नेमला, तमक्याने त्याचा हुकूम मानला नाही. म्हणजे नेमके काय हो?" २०२२ साली महाराष्ट्रात सत्तांतर झाले आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा त्यावर निकाल आला, तेवढ्या काळात हा शब्द घरोघर गेला हे खरे, अर्थ मात्र वाटेतच राहिला. आम्ही म्हटले, "बाबा रे, प्रतोद म्हणजे चाबूक." पोरगा हसला. म्हणाला, "मग आमदारांना चाबूक कशाला?" आम्ही म्हटले, "ते तू त्यांनाच विचार. आपल्याला कृष्णाच्या हातातला चाबूक पुरे." त्या रात्री राहुटीत जे बोलणे झाले, तेच आज थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

शब्दापासून सुरुवात करू. 'तुद्' हा धातू. अर्थ टोचणे, व्यथा देणे. धातूंच्या दहा गणांपैकी सहाव्याला नावच त्याच्यावरून 'तुदादि' पडले आहे. म्हणजे पाठशाळेतल्या पोराने पाच गण घोकून आणले की सहाव्याला ही टोचणी दारातच उभी. आमच्या वेळी ती धातुरूपापुरती नसे. गुरुजींच्या मांडीशी निरगुडीचा फोक ठेवलेला असे. या तुद् धातूपासूनच 'प्रतोद' झाला आणि 'तोत्र'ही झाला. अमरकोशात वैश्यवर्गात तोत्र हा शब्द कुदळ-नांगराच्या शेजारी, शेतीच्या सामानात येतो. हे ध्यानात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

व्याकरणाची गोष्ट निघाली म्हणून आठवले. पतंजलींच्या महाभाष्यात एक गंमत आहे. एक वैयाकरण रथ हाकणाऱ्याला शुद्ध सूत्राप्रमाणे रूप बनवून विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सूत म्हणतो, मी याचा 'प्राजिता'. शास्त्रीबोवा उसळतात, अपशब्द झाला! त्यावर सूत म्हणतो, देवा, तुम्हाला नियमाने काय होते ते ठाऊक; लोकांत काय चालते ते ठाऊक नाही. चाबूक त्याच्या हाती होता, पण त्याने तो उगारला नाही. एका शब्दाने भागले. असो.

आता वेदात जाऊ. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडळात पंचाहत्तरावे सूक्त युद्धसामग्रीचे आहे. कवच, धनुष्य, बाण, लगाम यांची तिथे स्तुती आहे. त्यात चाबकालाही हाक मारली आहे की घोड्यांस रणात लोट. चाबूक म्हणजे सत्ता, हे आपल्या अपेक्षेप्रमाणेच झाले. पण त्याच वेदात अश्विनीकुमारांच्या हातीही चाबूक आहे, आणि तो मधाने भरलेला! त्याला म्हणतात मधुमती कशा. तिने आमचा यज्ञ शिंपा, अशी ऋषी त्यांना विनवणी करतो. अथर्ववेदाच्या नवव्या कांडाचे पहिले सूक्त या मधुकशेचेच आहे. आणि पाचव्या मंडळातल्या पर्जन्यसूक्तात पर्जन्यदेव, सारथ्याने चाबकाने घोडे पुढे काढावेत तसे, आपले पावसाचे दूत पुढे काढतो. दिवे घाट चढताना वर आभाळ कडाडते, तेव्हा वारकरी पळत नाही, टाळी जोरात वाजवतो. तो चाबूक कोणाचा हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

यानंतर उपनिषद. कठोपनिषदातला रथ सर्वांना पाठ आहे. शरीर हा रथ, आत्मा रथाचा धनी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, विषय हे रस्ते. आम्ही हे रूपक कीर्तनात शेकडो वेळा मांडले असेल. पण एकदा एका म्हाताऱ्या गाडीवानाने आम्हाला विचारले, "महाराज, समदं सांगितलंत, चाबूक राहिला की!" आम्ही पोथी उघडून पाहिली. खरोखरच नाही! लगाम आहे, चाबूक नाही. ज्याने रथाचा खिळान् खिळा मोजला, तो ऋषी हे विसरला असेल असे आम्हाला वाटत नाही. घोडे धरायचे कसे हे त्याला सांगायचे आहे. पळवायला ते कोणाच्या सांगण्याची वाट पाहत नाहीत. पुढे मैत्री उपनिषदात पुन्हा हाच रथ येतो, आणि तिथे मात्र चाबूक आहे. तो कशाचा? प्रकृतीचा. आपला स्वभाव, आपल्या जन्मजन्मांतरीच्या ओढी, हाच तो प्रतोद; त्याच्या मारानेच हे शरीर कुंभाराच्या चाकासारखे फिरते. म्हणजे आपण म्हणतो मी चाललो, मी कमावले, मी बोललो. पण पाठीवर फटका कोणाचा बसला ते पाहायला मान मागे वळत नाही.

आता कुरुक्षेत्रावर चला. रथाचा धनी अर्जुन. चाबूक आणि लगाम श्रीकृष्णाच्या हाती. आपण चित्र इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातली उलटापालट आता डोळ्यात भरत नाही. चाबूक हे सत्तेचे चिन्ह खरे, पण रथावर तो सत्ताधाऱ्याच्या हाती नसतो, नोकराच्या हाती असतो. सारथी म्हणजे सूत. कर्णाला सूतपुत्र म्हणून जन्मभर जे ऐकावे लागले ते याच धंद्यावरून. शल्यराजाला कर्णाचे सारथ्य करायला सांगितले तेव्हा तो केवढा संतापला! राजाने हे काम करायचे? आणि इकडे चौदा भुवनांचा धनी ते काम पत्करतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात माऊलींना याचे नवल वाटले आहे की भक्ताच्या प्रेमापायी देव पार्थाचे घोडे हाकतो.

या चाबकाने त्याने काय केले? युद्धाच्या नवव्या दिवशी भीष्माचार्य पांडवसेना कापीत सुटले होते आणि अर्जुनाचा हात आजोबांवर पडेना. तो मवाळपणे लढतो आहे हे पाहून श्रीकृष्णाने लगाम टाकला, रथातून उडी घेतली आणि हाती प्रतोद तेवढा घेऊन तो भीष्मांवर धावला. आम्हा कीर्तनकारांच्या आख्यानात इथे चक्र येते, रथाचे चाक येते, कारण ते ऐकणाऱ्याला आवडते. तिसऱ्या दिवशी चक्र होतेच. पण नवव्या दिवशी महाभारतात चाबूक आहे. आम्हाला ते अधिक खरे वाटते. शस्त्र धरणार नाही असे ज्याने म्हटले, तो हातात जे कामाचे हत्यार होते तेच घेऊन धावला, जसा शेतकरी पराणी घेऊन धावतो. अर्जुनाने मागून पळत जाऊन त्याला अडवले आणि शब्दाची आठवण दिली. भीष्म काय करीत होते? ते स्वागत करीत होते. या चाबकाने मरण आले तर भाग्यच, असे ते म्हणाले.

आणि तोच चाबूकवाला चौदाव्या दिवशी पाहा. जयद्रथाचा शोध चालू, सूर्य कलतो आहे, घोडे थकलेले, अंगात बाण रुतलेले. अशा वेळी दुसरा सारथी असता तर त्याने आसूड कडाडला असता. श्रीकृष्णाने भर रणात घोडे सोडले. अर्जुनाने जमीन फोडून पाणी काढून दिले. देवाने स्वतःच्या हाताने घोड्यांचे बाण उपसले, अंग चोळले, त्यांना न्हाऊ घातले, पाणी पाजले, चारा दिला, आणि मग पुन्हा जुंपले. द्रोणपर्वातला हा प्रसंग ज्याने ऐकला नाही, त्याने गीता अर्धीच ऐकली असे आम्ही म्हणू.

भागवताच्या पहिल्या स्कंधात शरपंजरी पडलेले भीष्म डोळे मिटण्यापूर्वी देवाचे कोणते रूप आठवतात? वैकुंठीचे नाही. एका हाती तोत्र, दुसऱ्या हाती घोड्यांची दोरी, असे ते रूप. अमरकोशाने शेतीच्या सामानात ठेवलेला शब्द. तो शेवटच्या श्वासाला देवाच्या हातात दिसला.

याच्या उलट चित्र त्याच स्कंधात थोडे पुढे आहे. परीक्षित राजाला वाटेत एक जण भेटतो. अंगावर वेष राजाचा, हाती दंडा, आणि समोर एक गाय आणि एका पायावर उभा राहिलेला थरथरणारा बैल. तो त्यांना मारतो आहे. तो कली. बैल म्हणजे धर्म. त्याचे तप, शौच, दया हे पाय गेले, सत्याचा तेवढा उरला. परीक्षित विचारतो, तुला कोणी मारले? बैल मारणाऱ्याचे नाव घेत नाही. आमच्या मते या आख्यानातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, पण आज तिच्यात शिरत नाही. वेष राजाचा आहे एवढे मात्र पाहा. ज्याला आपली सत्ता खरी आहे याची खात्री नसते, त्याचा हात दंड्याकडे लवकर जातो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या झर्क्सिस बादशहाची गोष्ट लिहून ठेवली आहे. ग्रीसवरील स्वारीत वादळाने त्याचा सामुद्रधुनीवरचा पूल मोडला, तेव्हा त्याने समुद्रालाच ३०० फटके मारायला लावले आणि पाण्यात बेड्या टाकल्या. समुद्राला काय कळायचे!

आपल्या घरची गोष्ट पैठणची. ज्ञानोबांना कोणी हिणवले की नावात काय आहे, तो पखालीचा रेडाही ज्ञानाच. आणि रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले. परंपरेने सांगत आलेली कथा अशी की वळ उठले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. कीर्तनात आम्ही इथे फार थांबत नाही. रेड्याच्या तोंडून वेद वदवायची घाई असते. पण वेद पाठ करणारे पैठणात त्या दिवशीही पुष्कळ होते. दुसऱ्याचा मार ज्याच्या पाठीवर उमटला असा एकच होता.

मार खाणाऱ्यांची पाठ बहुधा मुकीच राहिली. या देशात फटक्यांच्या शिक्षेचा कायदा इंग्रजांनी १८६४ साली केला आणि तो रद्द व्हायला १९५५ साल उजाडले. मधल्या काळात १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. बैल हाकणाऱ्याच्या हातातला आसूड त्यांनी सरकारवर आणि कारभाऱ्यांवर उगारला. त्याचे फटके आमच्यासारख्या पोथीवाल्यांच्या पाठीवरही आहेत, आणि ते वाचताना आम्हाला लागले हे कबूल केले पाहिजे. त्या आसुडात राग आहे. पण तो स्वतःच्या मोठेपणासाठी नाही, उपाशी माणसासाठी आहे.

इथवर आलो तर आमचेही सांगून टाकतो. पालि ग्रंथांत बुद्धाने चार घोडे सांगितले आहेत. एक चाबकाची सावली पाहूनच सावध होतो, दुसऱ्याच्या केसाला स्पर्श व्हावा लागतो, तिसऱ्याच्या कातड्याला, चौथ्याच्या हाडापर्यंत जावे लागते. हा दृष्टांत आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःच्या सोयीने वापरला. श्रोता चौथ्या जातीचा आहे असे ठरवले, की मग शब्दांचे आसूड ओढायला कीर्तनकार मोकळा. सूनबाईवर एक, दारू पिणाऱ्यावर एक, मोबाइलवाल्या पोरांवर एक. लोक हसतात. हशा पिकला की वाटते कीर्तन रंगले.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावी सप्ताहात आमची सेवा होती. पुढच्याच रांगेत एक पन्नाशीचा गृहस्थ पेंगत होता. आम्ही नारदाच्या गादीवरून त्याला हटकले, "काय पाटील, घरी गादी मिळत नाही वाटते?" मंडप हसला. तो दचकून जागा झाला, सावरून बसला. आम्हाला तेवढ्यावर राहवले नाही. आणखी एक दिला, त्याच्या घरधनिणीचे नाव काढून. ते काय म्हटले ते इथे लिहीत नाही. पुन्हा मंडप हसला. तो उठला, वीणेकऱ्याच्या पाया पडला आणि अंधारात निघून गेला.

रात्री पंगतीला मृदंग वाजवणारे बोवा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "महाराज, त्या माणसाच्या शेताला वीज रात्रीची असते. चार रात्री तो दारं धरतोय. आज लाईट उशिरा येणार म्हणून तेवढ्या वेळात कीर्तनाला आला होता." आमचा घास हातातच राहिला.

सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. माऊलीने घोंगडी अंथरली, चहा केला. तो आमच्या पाया पडला, आम्ही त्याच्या पडलो. आम्ही म्हटले, "चुकलो." तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं महाराज, झोप तर लागलीच हुती की." एवढेच. बायको आतल्या दाराशी उभी होती, ती बाहेर आली नाही. काल्याच्या दिवशी त्याची दोन मुले लाह्यांचा प्रसाद घ्यायला आली. तो दिसला नाही.

यंदा मार्गशीर्षात त्याच गावचा सप्ताह पुन्हा आमच्याकडे आला आहे. दुसऱ्या दिवशीची सेवा आहे. अभंग अजून ठरलेला नाही.